वाऱ्याची दिशा आणि रात्रीचा बिबट्या

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारी हे शेतीच्या आधारावर उभे असलेले मोठे गाव आहे. उत्तरेस सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगररांगा, त्या रांगांमध्ये १९८६ साली घोषित झालेले गौताळा औट्रमघाट अभयारण्य आणि डोंगरातून निघून गोदावरीकडे जाणारी शिवना नदी, असा या टापूचा भूगोल आहे. अभयारण्याची सीमा नकाशावर असते. बिबट्याला ती ठाऊक नसते. ओढ्याकाठची झुडपे, उभा ऊस, दाट मका आणि वस्तीभोवतीच्या शेळ्या व कुत्री एवढ्या सामग्रीवर तो शेतशिवारातही राहू शकतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले खोऱ्यात झालेला आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याची साक्ष देतो. त्या शेतीप्रधान भागात दर १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात सुमारे ५ प्रौढ बिबटे आढळले होते.

म्हणून रात्री पिकाला पाणी देण्यासाठी बॅटरी घेऊन निघालेला शेतकरी आणि त्याच बांधावरून फिरणारा बिबट्या यांची गाठ पडणे ही अघटित गोष्ट राहिलेली नाही. अशा वेळी कोणाला कोणाची चाहूल आधी लागते, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते, आणि ही चाहूल पोचविणारा किंवा अडविणारा वारा असतो. रात्रीच्या टेहळणीसाठी आता उष्णता टिपणारे कॅमेरे आले आहेत. परंतु वारा समजल्याखेरीज त्यांचाही पुरता उपयोग होत नाही.

वाऱ्याची वरची व खालची बाजू

शेकोटीचा धूर ज्या दिशेस वाहत जातो ती वाऱ्याची खालची बाजू आणि वारा ज्या दिशेकडून येतो ती वरची बाजू. माणूस वरच्या बाजूस व प्राणी खालच्या बाजूस असल्यास माणसाचा गंध त्याच्यापर्यंत जातो आणि बोलण्याचा व पावलांचा आवाजही त्याला अधिक स्पष्ट ऐकू येतो. याउलट, प्राणी वरच्या बाजूस असेल तर माणूस अगदी जवळ येईपर्यंत त्याला पत्ता लागत नाही. वारा एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे आडवा वाहत असेल, तर दोघांपैकी कोणाचाही गंध दुसऱ्यापर्यंत थेट जात नाही. पुढील सर्व विवेचन या तीन स्थितींवर आधारलेले आहे.

रात्रीचा वारा

पावसाळ्यात या भागात पश्चिम व नैर्ऋत्येकडून वारा वाहतो आणि तो पुष्कळदा रात्रीही टिकून राहतो. हिवाळ्यातील वारा मंद असतो व आकाश निरभ्र असते. अशा रात्री जमीन वेगाने थंड होते, तिला लागून असलेली हवा थंड व जड होते आणि पाण्याप्रमाणे उताराकडे सरकू लागते. डोंगराच्या सोंडेवरून ओढ्यात, ओढ्यातून नदीच्या पात्राकडे असा तिचा प्रवास चालतो. सूर्योदयानंतर उतार तापले की ही चाल उलटते व हवा वर चढू लागते. त्यामुळे संध्याकाळी निवडलेली जागा पहाटेपर्यंत योग्य राहीलच असे नाही.

थंड हवेच्या या थराचे आणखी दोन परिणाम होतात. एक म्हणजे गंध वर विरून जात नाही. जमिनीलगत अरुंद पट्ट्याने वाहतो आणि सखल जागी साचून राहतो. दुसरा परिणाम आवाजावर होतो. वरची हवा उबदार व खालची थंड असल्याने आवाज खाली वळतो आणि दूरवर ऐकू जातो. दुसऱ्या गावातील भजन हिवाळ्याच्या रात्री शेजारी चालल्यासारखे ऐकू येते, त्याचे एक कारण हेच होय.

वारा पाहण्यासाठी उपकरणाची आवश्यकता नाही. पातळ फडक्यात चाळलेली राख बांधून ती पुरचुंडी कमरेच्या उंचीवर हलकेच झटकावी आणि राख कोठे जाते ते पाहावे. भिंत व मोठी झाडे यांपासून दूर उभे राहावे व दर अर्ध्या तासाने पुन्हा पाहावे. देवळाच्या कळसावरील पताका वरच्या हवेची दिशा दाखविते. जमिनीलगतची हवा तिच्या विरुद्धही वाहत असू शकते.

श्वापदांची रीत

कोल्हा, लांडगा यांसारखे श्वानकुळातील प्राणी गंधावर फार विसंबतात. काही पाश्चात्त्य देशांत जखमी सशाच्या आवाजाची नक्कल करून कोल्ह्यासारख्या प्राण्यांना रात्री जवळ बोलावून मारण्याची पद्धत आहे. तेथील शिकाऱ्यांचा अनुभव असा की, प्राणी आवाजाच्या दिशेने सरळ चालत येत नाही. तो लांबून वळसा घेऊन वाऱ्याच्या खालच्या बाजूस जातो आणि आवाज काढणाऱ्याचा वास घेतो. म्हणूनच ते आपली जागा वारा पाहून ठरवितात व खालच्या बाजूवर विशेष नजर ठेवतात.

बिबट्या मार्जारकुळातील आहे. त्याची मुख्य भिस्त डोळ्यांवर व कानांवर असते. तरीही वाऱ्याला तो पारखा नाही. कुमाऊँ व गढवालच्या डोंगरांत नरभक्षक वाघ-बिबट्यांचा मागोवा घेणाऱ्या जिम कॉर्बेट यांनी १९४४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात एक मार्मिक निरीक्षण नोंदविले आहे. माणसाला गंधावरून चाहूल लागत नाही हे वाघाला माहीत नसते. त्यामुळे नरभक्षक झालेला वाघ माणसालाही हरणासारखेच मानतो. वाऱ्याच्या खालच्या बाजूने त्याच्याकडे येतो किंवा त्या बाजूस दबा धरतो. यावरून कॉर्बेट यांनी स्वतःपुरता नियम बांधला होता, की वारा समोरून येत असेल तर धोका समोर नव्हे, पाठीमागे व बाजूंना शोधावा.

उष्णता टिपणारा कॅमेरा

सजीव असो वा निर्जीव, प्रत्येक वस्तूतून तिच्या तापमानानुसार अवरक्त किरण बाहेर पडत असतात. डोळ्यांना न दिसणारे हे किरण थर्मल कॅमेरा टिपतो आणि तापमानातील फरकाचे चित्र तयार करतो. त्याला चांदण्याची किंवा दिव्याची गरज नसते. थंड रात्री मोकळ्या रानातील प्राणी त्यात ठळकपणे उठून दिसतो. हा कॅमेरा ड्रोनवर बसविला म्हणजे मोठे क्षेत्र थोड्या वेळात तपासता येते.

त्याच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. दाट उसाच्या पाल्याआडचा प्राणी त्याला दिसत नाही. गाडीची काच बंद असेल तर काचेचेच तापमान दिसते. दिवसभर तापलेले खडक व बांध रात्री बराच वेळ उष्ण राहतात. पाऊस व दाट धुके यांत चित्र पुसट होते. शिवाय दूर अंतरावर कुत्रा, वासरू, बिबट्या व बांधावर वाकून बसलेला माणूस यांच्या आकृतींत गफलत होऊ शकते. चकाकणारा ठिपका म्हणजे ओळख पटलेला प्राणी नव्हे. हे यंत्र उष्णता दाखविते. टेहळणी करणाऱ्याचा गंध कोठे चालला आहे हे दाखवीत नाही.

टेहळणीची जागा

पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुमारे तीन आठवड्यांत बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जणांचा मृत्यू झाला. त्यांत दोन बालके होती. वन विभागाने पावलांचे ठसे, स्वयंचलित कॅमेरे व थर्मल ड्रोन यांच्या साहाय्याने शोध घेतला. नोव्हेंबरच्या आरंभी एका रात्री तो बिबट्या दृष्टीस पडला. प्रथम त्यास बेशुद्ध करण्याचा प्रयत्न झाला. तो निष्फळ ठरल्यावर नेमबाजांनी त्यास ठार केले. तीन कुटुंबांवर कोसळलेले दुःख यामुळे भरून निघाले नाही. परंतु यंत्र, माग काढणारी माणसे व कायदेशीर आदेश एकत्र आल्यावरच अशी मोहीम तडीस जाते, हे यातून दिसते.

अशा कामी बसणाऱ्या पथकाने जागा निवडताना प्राण्याच्या अपेक्षित वाटेला वारा आडवा राहील असे पाहणे इष्ट असते. वारा सरळ तोंडावर घेतल्यास समोरच्या प्राण्याला चाहूल लागत नाही, हे खरे. परंतु वळसा घेऊन आलेला प्राणी पाठीमागे येतो. आडव्या वाऱ्यात खालची बाजू पथकाच्या बगलेस येते व तिच्यावर नजर ठेवता येते. ही बाजू शक्यतो मोकळी असावी. तेथे ऊस किंवा नाला असल्यास कॅमेऱ्याचा उपयोग राहत नाही. बसण्याच्या जागी जाताना प्राण्याची वाट ओलांडू नये. वाहन, तंबाखू व चहा यांचा वास वाहून वाटेवर जाणार नाही, याची दक्षता घ्यावी. बेशुद्ध करणाऱ्या औषधाची सुई हलकी व मंद गतीची असते. आडव्या वाऱ्याने ती भरकटते, म्हणून टेहळणीला सोयीचा वारा सुई मारताना अडचणीचा ठरू शकतो. कोणतेही शस्त्र चालविण्याच्या रेषेत वस्ती, रस्ता किंवा माणूस नाही, याची खात्री वाऱ्याच्याही आधी करावयाची असते.

कायद्याची मर्यादा

हे काम केवळ वन विभागाचे आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये बिबट्या पहिल्या अनुसूचीत आहे. ठार मारण्याबरोबरच पकडणे, सापळा लावणे, हाकणे, आमिष दाखविणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणे यांचा समावेश कायद्याने ‘शिकारी’च्या व्याख्येत केला आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीस किमान ३ व कमाल ७ वर्षे कारावासाची शिक्षा आहे. मानवी जीविताला धोका निर्माण झालेला प्राणी पकडण्याचा किंवा अपवादात्मक स्थितीत मारण्याचा आदेश मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. तेव्हा आवाज वाजवून किंवा शेळी बांधून बिबट्यास बोलाविणे, हौसेने ड्रोन उडवून त्याचा पाठलाग करणे हे गुन्ह्याचे व जिवावर बेतणारे प्रकार गावात होऊ नयेत. बिबट्या दिसल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे आणि गर्दी टाळावी.

शेतकऱ्याने उलट करावे

टेहळणी करणारा वाऱ्यापासून लपतो. शेतकऱ्याने नेमके याच्या उलट केले पाहिजे. आपण येत आहोत हे बिबट्याला दुरूनच कळावे, यातच शेतकऱ्याचे हित आहे, कारण चाहूल लागलेला बिबट्या बहुधा वाट सोडून जातो. वारा पाठीमागून येत असेल तर आपला आवाज व गंध आपल्या पुढे जातो. वारा तोंडावर येत असेल तर समोरचा प्राणी बेसावध राहतो आणि उसाच्या कडेला अचानक गाठ पडण्याचा संभव वाढतो. शेताला दोन वाटा असतील तर शक्य तेव्हा वारा पाठीशी राहील ती वाट धरावी. ते शक्य नसल्यास मोठ्याने बोलत, काठी आपटत किंवा रेडिओ वाजवीत जावे आणि अधूनमधून मागे प्रकाश टाकावा. एकट्याने जाऊ नये. बारे देताना फार वेळ वाकून किंवा बसून राहू नये. पिकात वाऱ्याची सळसळ जोराची असेल त्या रात्री हलक्या पावलांचा आवाज माणसालाही ऐकू येत नाही, हे लक्षात ठेवावे.

रात्रीची ही फेरी टळणे हाच खरा उपाय होय. कृषिपंपांना दिवसा वीज मिळावी या हेतूने राज्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना राबविली जात आहे. तिचा पाठपुरावा करणे, वस्तीवरील गोठे बंदिस्त करणे आणि उकिरड्यावर मेलेली जनावरे न टाकणे ही ग्रामपंचायतीच्या आवाक्यातील कामे आहेत.

शिक्षकांनाही यात भाग घेता येईल. शाळेतील मुलांनी आपापल्या अंगणात, घरातील मोठ्यांच्या सोबतीने, सूर्यास्ताच्या व सूर्योदयाच्या वेळी राखेची चाचणी घेऊन वाऱ्याची दिशा वहीत लिहावी. ओढा, ऊस, शेतवाटा व वस्त्या दाखविणाऱ्या गावाच्या नकाशावर या नोंदी बाणांनी दाखविल्या, तर कोणत्या ऋतूत कोणत्या वाटेने जाताना वारा तोंडावर येतो हे एका दृष्टिक्षेपात कळेल. असा नकाशा ग्रामपंचायतीच्या फलकावर लागला, तर रात्री मोटार सुरू करण्यास निघालेल्या माणसाला तो उपयोगी पडेल आणि वनरक्षकालाही.