मजुरी आणि वाटा

भुयाराच्या तोंडाशी मशाल धरून उभा असलेला पोऱ्या आत येईल का? 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या भूमिका वठवायच्या खेळाच्या टेबलावर एकेकाळी हा खराखुरा पेच असायचा.

1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या तीन चिमुकल्या पुस्तिका आल्या, तेव्हा शब्द अजून सैल होते. 'हायरलिंग' म्हणजे मजूर म्हटलं की त्यात खास इमानी साथीदारही आला. करिश्मा, म्हणजे माणसं ओढून घेण्याचा गुण, 18 असलेल्या पात्राला असे बारा जण पदरी ठेवता येत.

मजूर आणि साथीदार यांच्यातली रेघ ठळक झाली ती 1979 च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये. एका बाजूला हमाल, मशालजी, सुतार, शिंपी, गाडीवान. आणि अधिक पैशांत लोहार, किमयागार, हेर. मशालजीची रोजी चांदीचं एक नाणं! खिसा भरलेला असेल तर ही माणसं हवी तितकी ठेवा. दुसऱ्या बाजूला हेंचमन. त्याला स्वतःचा पेशा, स्वतःची पायरी, लुटीत वाटा. हेंचमनची संख्या कितीही पैसे मोजून वाढत नसे. करिश्मा 18 असला तरी पंधरावर गाडी थांबायची. आपल्याकडे शिलेदार आणि बारगीर यांत घोडा कुणाचा हे पाहत. इथे पाहायचं ते लुटीत वाटा कुणाला.

मला मात्र 1981 ची टॉम मोल्डवे यांची आवृत्ती अधिक शहाणी वाटते. हिच्यात साथीदाराला 'रिटेनर' म्हटलंय. मालकाचा करिश्मा 18 तर सात रिटेनर आणि त्यांचं मनोधैर्य 10. करिश्मा 3 तर एकच, आणि मनोधैर्य 4. दोन फासे टाकायचे, बेरीज मनोधैर्याहून जास्त आली की गडी बिथरला. त्याच वर्षीच्या एक्स्पर्ट संचातले भाडोत्री शिपाई तर भुयारात पाऊलच टाकत नाहीत. शिवाय एक गोड तरतूद: साधा माणूस मोहिमेत अनुभव कमावून आला की त्याला पेशा निवडावा लागतो. म्हणजे हमालाचा वीर व्हायची वाट खुली.

पुढे ही वाट बुजत गेली. 2000 च्या तिसऱ्या आवृत्तीत सहाव्या पायरीपासून 'लीडरशिप' निवडली की 'कोहॉर्ट' नावाचा साथीदार मिळे. साथीदार हा पात्राचाच एक गुण झाला. मजूर उरला दरपत्रकात: 2014 साली अकुशल असेल तर दिवसाला चांदीची दोन नाणी, कुशल असेल तर सोन्याची दोन. 2020 चा साइडकिक योद्धा, जाणकार किंवा मंत्रधारी असतो आणि इमानाने सोबत चालतो. त्याच्या नियमांत निष्ठेचा फासा नाही. सोयीचं आहे, पण मजा गेली.

आमच्या जुन्या टेबलावर सदू नावाचा एक हमाल होता. तीन मोहिमा टिकला, तलवारबाज झाला. मनोधैर्य 7. चौथीनंतर फासे टाकले, आठ आले. अर्धा वाटा मोजून घेतला आणि गेला. आम्ही त्याला अडवण्यासाठी करिश्मा 9 च्या आमच्या पुढाऱ्याला पाठवलं होतं.