राहुरीचे विद्यापीठ आणि आपल्या रानातले बेणे



कृषी विद्यापीठ म्हटले की पुष्कळांना वाटते, ते पदवीवाल्या पोरांचे, आपला काय संबंध? पण '२६५ लावू का ८६०३२?' असे आपण बांधावर विचारतो, तेव्हा गोष्ट विद्यापीठाचीच चाललेली असते.

राहुरीचे विद्यापीठ १९६८ सालचे. तेव्हा साऱ्या राज्याला ते एकच. अकोल्याला विद्यापीठ हवे म्हणून विदर्भात १९६७ साली मोठे आंदोलन झाले, गोळीबारात माणसे गेली. १९६९ साली अकोल्यास, १९७२ साली परभणी व दापोलीस स्वतंत्र विद्यापीठे झाली. राहुरीकडे १० जिल्हे राहिले, नाव महात्मा फुल्यांचे. राहुरीचा तो विस्तार शेतकऱ्यांच्या गेलेल्या जमिनींवर उभा आहे, हेही विसरून चालायचे नाही.

उसाचे काम मात्र विद्यापीठाहून जुने. नीरेच्या कालव्याचे पाणी आले, ऊस आला, निचऱ्याकडे कोणी पाहिले नाही आणि जमिनी खारवटल्या. १९३२ साली सातारा जिल्ह्यात पाडेगावला ऊस संशोधन केंद्र निघाले, ते पुढे विद्यापीठाकडे आले. आपल्याकडच्या तुऱ्यात चांगले बी धरत नाही, म्हणून संकर कोइमतूरला होतो आणि ते बी पाडेगावला रुजवतात. हजारो रोपांतून निवडत निवडत एक वाण हाती यायला दहा-बारा वर्षे लागतात. एवढा धीर आपल्यापैकी कोणाला आहे?

८६०३२ कोइमतूरचा, आपल्या राज्यात १९९६ साली शिफारस झालेला. २६५ पाडेगावचा, २००७ सालचा. टनेज दांडगे, खारवट रानातही तग धरतो. पण उतारा कमी म्हणून काही कारखान्यांनी त्याची नोंद घ्यायचेच नाकारले आणि शेतकरी मधल्यामध्ये अडकला. आमच्या मते दोष वाणाचा थोडा, घाईचा जास्त. हा ऊस उशिरा पक्व होतो. हंगामाच्या तोंडालाच कोयता घातला तर साखर कुठून येणार? लागणीच्या तारखेप्रमाणे तोड मिळणे, हा सभासदांचा रास्त आग्रह आहे आणि तो सभेत मांडलाच पाहिजे.

आणखी एक. शेजाऱ्याच्या खोडव्यातले बेणे आणून वाणाला नावे ठेवू नका. बेणे नऊ ते अकरा महिन्यांचे, बेणेमळ्यातलेच घ्यावे आणि दर तीन-चार वर्षांनी बदलावे.