पाय मुरगळला? कुणाला दाखवाल?

ठाण्यातील माजिवडा नाक्यावर बस पकडताना पाय मुरगळला, तर आधी हे पाहा :

• एक्स-रे : चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याचे हाड दाबल्यावर दुखत असेल, तर काढाच. १९९२ मध्ये कॅनडात मांडलेल्या ‘ओटावा नियमां’चे हेच सार.

• अस्थिरोगतज्ज्ञ : हाड मोडल्याची, सांधा निखळल्याची शंका असल्यास. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात, म्हणजे ठाणे महापालिकेच्याच रुग्णालयात, हा विभाग आहे.

• पाऊल-घोटा शल्यचिकित्सक : सहा आठवड्यांनंतरही घोटा पुन्हापुन्हा लचकत असेल तर.

• फिजिओथेरपिस्ट : ताकद आणि तोल परत मिळवण्यासाठी.

• तातडीने १०८ (रुग्णवाहिका) : पाऊल वाकडे, थंड किंवा बधिर पडले, हाड बाहेर आले तर.

मधुमेह असेल, तर पायाची छोटी जखमही त्याच दिवशी दाखवा. निदानाआधी पाय चोळून घेऊ नका.