जुन्या एस्प्रेसो-यंत्राचे सुटे भाग

लग्नकार्यांत वाफेनें फेस आणलेली दुधाची कॉफी ‘एस्प्रेसो’ या नांवानें आपल्या परिचयाची आहे. इटलींत मात्र हें नांव निराळ्या पेयाचें. बारीक दळलेल्या कॉफीच्या घट्ट थरांतून तापलेलें पाणी मोठ्या दाबानें दवडलें म्हणजे अर्ध्या मिनिटांत जो घोटभर दाट अर्क उतरतो तो एस्प्रेसो. हा अर्क काढणारीं जुनीं यंत्रें आपल्या घाटदार बांधणीनें संग्राहकांना भुरळ घालतात. परंतु यंत्र घरीं आणलें कीं झडप गळूं लागते, दट्ट्या अडतो, आणि मूळचा कारखाना तर कित्येकदां बंद झालेला असतो. मग सुटा भाग मिळवावा कोठून? श्रोतेहो, कोठें शोधावें यापूर्वीं नेमकें काय शोधावयाचें हें ठरविणें, हेंच या कामांतील अर्धें यश होय.

प्रथम यंत्राचें कुल ओळखावें. मिलान येथील लुइजी बेझेरा यानें १९०१ मध्यें पेटंट घेतलेल्या यंत्रांत बंबांतील वाफेचाच दाब कामीं येई. अकिले गाज्जा यानें १९४७-४८ च्या सुमारास दांडा व स्प्रिंग यांच्या जोरावर दट्ट्या ढकलणारें यंत्र पुढें आणलें. दाब कितीतरी वाढला व अर्कावर सोनेरी साय धरूं लागली. १९६१ मध्यें फाएमा कंपनीच्या ‘ई ६१’ या यंत्रानें तेंच काम विजेच्या पंपाकडे सोंपविलें. कॉफीची मूठ जेथें अडकते तें या यंत्राचें तोंड पुढें अनेक कारखान्यांनीं उचललें, व तें आजही बनतें. त्यामुळें त्याचीं रबरी कडीं व झडपा नव्या मिळतात. उलट, अल्पायुषी कारखान्याच्या यंत्राचा भाग बहुधा त्याच जातीच्या दुसऱ्या निकामी यंत्रावरूनच काढून घ्यावा लागतो.

परंतु केवळ नांवावर विसंबणें धोक्याचें आहे. ला पाव्होनी कंपनीचें ‘युरोपिक्कोला’ हें हातदांड्याचें घरगुती यंत्र १९६१ पासून एकाच नांवानें विकलें जात आहे. तथापि २००० सालच्या सुमारास त्याचें तोंड थोडें मोठें करण्यांत आलें. पूर्वींच्या यंत्राची गाळणी सुमारें ४९ मिलिमीटर व्यासाची, नंतरची सुमारें ५१ ची. जो केवळ नांव सांगून गाळणी मागवील त्याच्या पदरीं या दोन मिलिमीटरांची निराशा येण्याचा संभव आहे. म्हणून पत्र धाडण्यापूर्वीं यंत्राचें साल शोधावें, कॅलिपरनें मापें घ्यावीं, व जुना भाग कितीही झिजलेला असला तरी तो फेंकूं नये. तोच आपला नमुना.

आट्यांच्या बाबतींत आणखी एक गंमत आहे. इटली हा मीटर-पद्धतीचा देश. पण तेथील कॉफीयंत्रांच्या नळ्यांचे आटे पुष्कळदां इंग्रजी नळाच्या मापाचे, म्हणजे आपल्याकडील प्लंबर नित्य वापरतात त्याच जातीचे असतात. ‘पाव इंची’ आट्याचा बाहेरील व्यास पाव इंच, म्हणजे सुमारें ६ मिलिमीटर, नसून १३ मिलिमीटरांहून किंचित् अधिक भरतो. हें ठाऊक नसलेला मनुष्य योग्य चाकी हातीं असूनही ती चुकीची म्हणून परत करील.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दांड्याची मूठ, नांवाची पट्टी, बाहेरचा पत्रा हे भाग जुनेच शोधावेत. यंत्राचें रूप त्यांतच आहे. पितळेची चाकी किंवा खुंटी कुशल कारागिराकडून लेथवर करून घेण्यास हरकत नाहीं. परंतु रबरी कडीं, विजेच्या तारा व संरक्षक झडप यांच्या बाबतींत जुन्याचा मोह नसावा. बंबांतील दाब बाहेरच्या हवेहून एका वातावरणानें अधिक झाला कीं आंतील पाणी सुमारें १२० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापलेलें असतें. झडप चिकटली व दाब वाढत गेला तर भाजण्याची, प्रसंगीं बंब फुटण्याचीही भीति आहे. शिवाय कांहीं जुन्या यंत्रांच्या गॅस्केटांत अॅस्बेस्टॉस आढळतो. तो खरवडल्यास त्याचे तंतु श्वासावाटे फुप्फुसांत शिरतात. तसा संशय येतांच हात आवरून तें काम जाणकाराकडे सोंपवावें.

मिलानजवळ बिनास्को येथें २०१२ मध्यें कॉफीयंत्रांचें एक संग्रहालय उघडलें. तेथील जुनीं यंत्रें पाहतांना त्यांची चकाकी प्रथम डोळ्यांत भरते. आपल्या घरीं मात्र यंत्र चालावयाचें असतें. म्हणून काढलेला प्रत्येक मूळ भाग चिठ्ठी लावून डब्यांत जपावा, आणि नवा कोणता, केव्हां व कोणत्या मापाचा बसविला हेंही लिहून ठेवावें. आपल्यामागून तें यंत्र ज्याच्या हातीं जाईल, त्याचा शोध त्या डब्यापाशींच पुष्कळसा संपेल.