तंबोरा निघाला परगावी

[मिरजेचे तंबोरे आणि सतारी देशोदेशी जातात. असे नाजूक वाद्य दूरच्या गिऱ्हाइकाकडे सुखरूप कसे पाठवावे, याची माहिती या पाठात दिली आहे.]

कोल्हापूरहून रेल्वेने निघाले, की सुमारे पन्नास किलोमीटरवर मिरज जंक्शन लागते. मिरज हे सांगली जिल्ह्यातील जुने गाव. या गावात सतारमेकर गल्ली नावाची एक गल्ली आहे. या परिसरातील दुकानांत भिंतीला टेकून तंबोरे उभे असतात. छताला मोठमोठे वाळलेले भोपळे टांगलेले असतात. कुठे लाकूड तासण्याचा आवाज येतो, तर कुठे तार छेडल्याचा.

ही वाद्ये बनवणारी घराणी मूळची शिकलगारांची. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावून चकाकी देणारा. उर्दूतील ‘सैकल’ हा शब्द तुम्हांला ठाऊक असेलच. इंग्रजी अमलात तलवारी मागे पडल्या आणि शिकलगारांचे काम कमी झाले. तेव्हा, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला, मिरजेचे फरीदसाहेब वाद्यांच्या दुरुस्तीकडे वळले. हळूहळू ते नवी वाद्ये घडवू लागले. पुढे या घराण्यांचे आडनावच ‘सतारमेकर’ झाले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले.

पूर्वी गवई स्वतः मिरजेला येत आणि वाद्य पारखून घेऊन जात. आजही अनेक जण येतात. पण गिऱ्हाईक दिल्लीला किंवा परदेशात असेल तर? मग तंबोऱ्यालाच प्रवास करावा लागतो.

तंबोरा हे वाद्य दिसायला भारदस्त, पण प्रकृतीने फार नाजूक. पुरुष गायकांचा तंबोरा सुमारे पाच फूट उंच असतो. त्याचा खालचा भाग म्हणजे खराखुरा भोपळा. पंढरपूरच्या परिसरात, भीमेच्या काठी, असे भोपळे मुद्दाम पिकवतात. ते कित्येक महिने वाळवावे लागतात. वाळलेल्या भोपळ्याचे कवच कडक असते, पण ठिसूळही असते. भोपळ्यावर लाकडाची पातळ तबली बसवतात. वर लांब दांडी आणि दांडीच्या टोकाला चार खुंट्या असतात. तबलीवरच्या घोडीवरून चार तारा जातात.

समजा, वाटेत पेटी पडली आणि भोपळ्याला तडा गेला. दुसरा भोपळा बसवता येईल का? दोन भोपळे कधी अगदी सारखे नसतात. त्याच मापाचा भोपळा शोधायचा, तबली काढायची, पुन्हा सांधायची, म्हणजे जवळजवळ नवे वाद्य घडवण्यासारखेच! कारागिराची मेहनत वाया जाते. वर्षभर पैसे साठवणाऱ्या विद्यार्थ्याचा हिरमोड होतो. म्हणून वाद्याची बांधणी हा वाद्य घडवण्याचाच शेवटचा भाग समजावा.

बांधणीची सुरुवात तारांपासून होते. तारा दांडीला आणि घोडीला सतत ओढत असतात. प्रवासात ऊन लागते, दमट हवा लागते. त्यामुळे लाकूड फुगते आणि आकसते. अशा वेळी तारा ताणलेल्या असतील, तर दांडी वाकण्याची भीती असते. म्हणून तारा सैल कराव्यात. पण पूर्ण काढू नयेत. घोडी आणि तबली यांना धक्का लागू नये म्हणून तारांखाली मऊ कापडाची घडी ठेवावी. घोडीवर ‘जवारी’ काढलेली असते. तिच्यामुळेच तंबोऱ्याला तो गुंजणारा, भरलेला आवाज येतो. घोडी जरा दुखावली, तरी हा आवाज बिघडतो.

नंतर खुंट्यांकडे लक्ष द्यावे. त्या भोकांत घट्ट दाबून बसवलेल्या असतात. खुंटीवर बाजूने ठोका बसला, तर खुंटी मोडते किंवा भोकाजवळचे लाकूड चिरते. म्हणून प्रत्येक खुंटीभोवती कापड गुंडाळावे. मग सगळे वाद्य सुती कापडात आणि त्यावर जाड दुलईत लपेटावे.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. भोपळा मोठा आणि दांडी बारीक. पेटीत भोपळा टेकतो आणि दांडी अधांतरी राहते. पेटी आपटली, की भोपळा जागीच थांबतो. दांडी मात्र झोक्याने खाली जाऊ पाहते. सारा जोर दांडी आणि भोपळा यांच्या सांध्यावर येतो आणि सांधा निखळतो. म्हणून दांडीखाली एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आधार द्यावा. गिटार पाठवतानाही हेच ध्यानात ठेवावे. गिटारीची मान खुंट्यांच्या खाली लवकर मोडते. तेथे खालून-वरून भरपूर गादी हवी.

मुलांनो, क्रिकेटचा चेंडू झेलताना तुम्ही हात मागे का घेता? हात मागे घेतल्यामुळे चेंडू एकदम न थांबता हळूहळू थांबतो आणि हाताला झिणझिण्या येत नाहीत. पेटीतील भरावाचे काम हेच असते. हापूस आंब्यांच्या पेटीत भाताचा पेंढा घालतात, तोही याचसाठी. वाद्याच्या चारी बाजूंना दोन-तीन इंच जागा सोडावी. ती पेंढा, कागदाचे बोळे किंवा फोम यांनी भरावी. भराव सैल नसावा. नाहीतर वाद्य आत हिंदकळते. तो दगडासारखा घट्टही नसावा. नाहीतर धक्का थेट वाद्याला पोचतो. झाकण लावून पेटी हलकेच हलवून पाहावी. आतून आवाज आला, तर पेटी पुन्हा उघडावी. येथे आळस करू नये.

पेटी लाकडाची किंवा प्लायवूडची असावी. तिच्यावर ‘नाजूक वस्तू, सांभाळा’ असे ठळक लिहावे आणि वरची बाजू बाणाने दाखवावी. पत्ता पेटीवर लिहावा व एक चिठ्ठी आतही ठेवावी. बाहेरचा कागद फाटला, तर आतली चिठ्ठी उपयोगी पडते. पाठवण्यापूर्वी वाद्याची छायाचित्रे काढावीत, विमा उतरवावा आणि पावती जपून ठेवावी.

घेणाऱ्याचेही काही कर्तव्य असते. पेटी येताच घाईने उघडू नये. वाद्याला नव्या हवेची सवय होण्यासाठी काही तास जाऊ द्यावेत. मग दांडी, भोपळा, घोडी नीट तपासावी आणि तारा हळूहळू चढवाव्यात.

पेटीवर ‘सांभाळा’ असे लिहिलेले असले, तरी ती उचलणारा हमाल ते वाचीलच असे नाही. पेटी कोठेतरी आदळणारच, असे मानून जो बांधतो, त्याचे वाद्य सुखरूप पोचते. दूर गावी कोणीतरी तारा जुळवतो आणि मिरजेत घडलेल्या भोपळ्यातून षड्ज घुमू लागतो. तेव्हाच कारागिराचे काम पुरे होते.

शब्दार्थ
ठिसूळ – चटकन फुटणारे
अधांतरी – आधाराशिवाय
हिरमोड – निराशा
हिंदकळणे – आत इकडेतिकडे हलणे
षड्ज – ‘सा’ हा पहिला स्वर

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) शिकलगार कोणते काम करीत?
(आ) तंबोऱ्यासाठी भोपळे कोठे पिकवतात?
२. कारणे लिहा.
(अ) प्रवासापूर्वी तारा सैल कराव्यात.
(आ) पेटीत पत्त्याची चिठ्ठी ठेवावी.
३. नाजूक, कारागीर, दुरुस्ती, तार हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी चार शब्द शोधा.
४. उपक्रम : काचेचा पेला परगावी पाठवायचा आहे. तो कसा बांधाल, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.