जुनी गाडी घेताय? आधी पट्टा ओढा!

भाऊ, एमएच १९ (जळगाव) किंवा एमएच १८ (धुळे) दिसलं म्हणून गाडी 'आपल्याकडचीच' समजू नका. नंबर एम-परिवहन ॲपवर टाका. नोंदणी, विमा, कर्जाचा बोजा कळतो. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका.

मग सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. धुळ्यात पाहिलेली एक गाडी बाहेरून चकाचक, पण पट्ट्याच्या टोकाला गाळाची तपकिरी रेघ. पुरात बुडालेली! मी चहा पिऊन परत फिरलो.

टायरवरचे चार आकडेही वाचा. २३१९ म्हणजे २०१९चा २३वा आठवडा. मीटर तीस हजार दाखवतंय आणि चारही टायर नवे? इतक्या लवकर का बदलले, विचारा की.

इंजिन थंड असताना सुरू करून बघा. ट्रायल मात्र भर दुपारी, एसी लावून. मे महिन्यातलं जळगाव कूलिंगचं सगळं पितळ उघडं पाडतं.