ऐकवणं आणि ऐकून घेणं

“पोरांना आता शाळेची गरजच काय? सगळं मोबाइलवर आहे की!” हे वाक्य हल्ली लग्नाच्या पंगतीत, एस.टी.च्या थांब्यावर, अगदी दवाखान्याच्या बाकावरही कानावर पडतं. बोलणारा बहुधा गमतीनं बोलतो. पण काही आईवडील ते मनावर घेतात आणि मुलाला खरोखरच शाळेतून काढून घरी शिकवू लागतात. याला होमस्कूलिंग म्हणतात. आपण घरशाळा म्हणू. या घरशाळेत शिक्षकाची खुर्ची बहुतेक वेळा रेकॉर्ड केलेल्या लेक्चर्सना दिली जाते. ती खुर्ची त्यांनी किती भरते आणि किती रिकामी राहते, याबद्दल आज बोलायचं आहे.

मी शिक्षक नाही, कविता लिहिणारा माणूस. बी.ए. केलं तेही बहिःस्थ विद्यार्थी म्हणून. दिवसा दुकानातला हिशेब आणि रात्री गाईड. परीक्षेपर्यंत एकाही प्राध्यापकाचा आवाज कानावर पडला नव्हता. त्यामुळे चांगलं व्याख्यान घरबसल्या ऐकायला मिळणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे मला कुणी सांगायला नको.

ही गोष्ट एका रात्रीत झालेली नाही. १५ ऑगस्ट १९८४ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगानं दूरदर्शनवर ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ सुरू केलं. पुणे विद्यापीठातल्या केंद्रातही त्यासाठी कार्यक्रम तयार होत. पण भाषा इंग्रजी, वेळ दूरदर्शनच्या सोयीची, आणि वीज गेली की पाठही गेला. १९८९ साली नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालं आणि नोकरी सांभाळून, घर सांभाळून मराठीतून पदवी घेण्याची वाट मोकळी झाली. २००३ साली सात आय.आय.टी. आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून ‘एनपीटेल’ हा उपक्रम हाती घेतला. आय.आय.टी.च्या वर्गातलं गणित पाहायला प्रवेशपरीक्षेची अट राहिली नाही. २०१७ साली ‘स्वयम्’ आलं, शालेय पाठांसाठी ‘दीक्षा’ आलं. २०२० साली करोनानं शाळांना कुलूप लावलं आणि हे सगळं घराघरांत शिरलं.

रेकॉर्ड केलेल्या पाठाचं बळ कशात आहे? सलमान खान हे नाव घेतलं की आपल्याला नट आठवतो. पण याच नावाचा एक गृहस्थ अमेरिकेत आहे. २००४ साली तो दूरच्या गावी राहणाऱ्या नात्यातल्या मुलीला फोनवरून गणित शिकवू लागला. पुढं आणखी भावंडं आली, तेव्हा त्यानं पाठ रेकॉर्ड करून यूट्यूबवर ठेवले. त्यातूनच खान अकादमी उभी राहिली. तो स्वतः सांगतो की भावंडांना समोरच्या सलमानपेक्षा रेकॉर्डमधला सलमान जास्त आवडला! कारण साधं आहे. रेकॉर्डमधला मास्तर रागावत नाही. त्याला थांबवता येतं, मागं नेता येतं, एकच वाक्य सात वेळा वदवून घेता येतं. वर्गात “सर, परत सांगा” म्हणायला लाजणाऱ्या मुलाला याचं मोल विचारा.

मग अडतं कुठं? ऐकताना सगळं कळल्यासारखं वाटतं, तिथं. २००६ साली अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना उतारा पुनःपुन्हा वाचायला दिला. काहींना वाचून झाल्यावर कागद बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहायला लावलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली, तेव्हा पुन्हा वाचणारे पुढं होते. आठवड्यानं घेतली, तेव्हा चित्र उलटलं होतं. आठवून लिहिणाऱ्यांच्या ध्यानात जास्त राहिलं होतं. हा प्रयोग वाचनाचा असला, तरी कानांनी किंवा डोळ्यांनी नुसतं आत घेणाऱ्या कुणालाही तो विचार करायला लावतो.

ही गोष्ट आपल्या जुन्या मास्तरांना प्रयोगाविना ठाऊक होती. आमच्याकडं कुरआन तोंडपाठ करणाऱ्या मुलाचा दिवस कसा जातो पाहा. आजचा नवा पाठ म्हणजे ‘सबक’, गेल्या काही दिवसांचा तो ‘सबकी’ आणि फार मागचा तो ‘मंजिल’. उत्तमोत्तम कारींच्या कॅसेट कधीपासून घरोघरी आहेत. तरीही कॅसेट ऐकून कुणी हाफिज झाला, असं म्हणत नाहीत. उस्ताद समोर बसतो आणि मुलानं म्हटलेलं ऐकतो. चूक झाली की तिथंच थांबवतो. उस्तादाचं अर्धं काम ऐकवण्याचं, अर्धं ऐकून घेण्याचं.

आपल्या कोल्हापूरचंच दुसरं उदाहरण आहे. उस्ताद अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारचे गवई. १९४६ साली ते गेले. त्यांच्या गाण्याचं एकही ध्वनिमुद्रण आज ऐकायला मिळत नाही. तरीही जयपूर-अत्रौली घराणं जिवंत राहिलं. मंजी खाँ, भुर्जी खाँ, केसरबाई, मोगूबाई अशा शिष्यांना समोर बसवून तालीम मिळाली म्हणून राहिलं. मोगूबाईंनी पुढं आपल्या लेकीला, किशोरी आमोणकरांना, घरीच घडवलं. ती घरशाळाच होती, आणि तिथं ऐकून घेणारा कान फार कडक होता.

आता कुणी म्हणेल, मोगूबाईंचं ठीक आहे, आमच्या घरात कोण बसलंय शिकवायला? त्यासाठी माझ्या नात्यातली एक गोष्ट सांगतो.

माझ्या भाचीचं सासर पन्हाळ्याच्या बाजूला. तिची मुलगी आठवी झाली. पुढची शाळा शेजारच्या गावात, आणि एस.टी.ची वेळ बदललेली. घरात ठरलं, “घरीच शिकू दे, मोबाइल आहे की.” पण मोबाइल एकच. तो सकाळी बापाबरोबर बाहेर जायचा आणि रात्री परतायचा. पोरगी दिवसभर भाकऱ्या थापायची आणि रात्री पेंगत बीजगणित बघायची. चार महिन्यांनी माझी थोरली बहीण, म्हणजे त्या मुलीची नानी, तिथं राहायला गेली. आपाचं शिक्षण चौथी. तिनं दोन गोष्टी केल्या. जुना का होईना, दुसरा मोबाइल घ्यायला लावला. आणि रोज संध्याकाळी मुलीला समोर बसवून म्हणू लागली, “आता बंद कर ते. आज काय ऐकलंस, मला समजाव.” आपाला आम्ल आणि आम्लारी कुठलं ठाऊक! पण पोरगी अडखळली की तिला ते बरोबर कळायचं. “इथं तू घाईनं पुढं गेलीस. परत सांग.” मुलगी उठून पुन्हा पाठ लावायची. सतरा नंबरचा फॉर्म भरून ती दहावी पास झाली आणि अकरावीला तिनं रोजच्या कॉलेजात नाव घातलं. विषय न येणारं माणूसही ऐकून घेऊ शकतं, हे आपानं दाखवलं.

यावरून घरशाळेसाठी चार गोष्टी सांगता येतात. पाठ तुकड्यांनी पाहावा. २०१४ साली एका मोठ्या ऑनलाइन शिक्षणसंस्थेच्या ६९ लाख पाहण्यांचा अभ्यास झाला, तेव्हा व्हिडिओ कितीही लांब असो, मन साधारण सहा मिनिटंच टिकतं असं दिसलं. म्हणून सहा-सात मिनिटांनी थांबवावं, वहीत न बघता लिहावं, मग पुढं जावं. दुसरं, आजच्या पाठाबरोबर कालचा आणि महिन्यापूर्वीचाही विचारावा. तिसरं, चाकू, तराजू, बी, माती हाताळल्याशिवाय विज्ञान पुरं झालं असं समजू नये. आणि चौथं, आठवड्यातून एकदा तरी बरोबरीच्या मुलांत बसून वाद घालायला, खेळायला मिळावं. भांडून मिटवणं कुठल्याच रेकॉर्डमध्ये शिकता येत नाही.

आता कायद्याचं. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे त्यानुसार पालकांचं कर्तव्य आहे. मात्र न घातल्यास पालकांना शिक्षा त्यात सांगितलेली नाही. घरशाळा अशा अर्धवट उजेडात चालते. तिला स्वतःचं प्रमाणपत्र नाही, ते परीक्षेतूनच मिळवावं लागतं. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म आहे. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे एन.आय.ओ.एस.ची दहावी-बारावी आहे, दहावी मराठीतूनही देता येते. शाळा सोडल्याचा दाखला जपून ठेवावा आणि फॉर्मची मुदत विचारून घ्यावी. २०१६ साली मुंबईच्या मालविका जोशीची बातमी गाजली. सातवीनंतर घरी शिकलेली ही मुलगी आंतरराष्ट्रीय इन्फर्मेटिक्स ऑलिम्पियाडची तीन पदकं मिळवून अमेरिकेतल्या एम.आय.टी.त गेली. पण बारावी नसल्यामुळे आपल्या आय.आय.टी.चं दार तिला उघडलं नाही. इतकी हुशार मुलगी कागदापाशी अडली, तर इतरांनी कागद आधी पाहावा हे बरं.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. सक्तीचं शिक्षण आठवीपाशी संपतं, आणि गावोगावच्या मुली नेमक्या तिथंच गळतात. पूर्वी मुलीला घरी बसवताना बापाला थोडं ओशाळायला तरी व्हायचं. आता “ती ऑनलाइन शिकते” असं म्हणता येतं. माझ्या समाजात हे होतं, दुसऱ्यांच्यातही होतं. घरी शिकणारी आणि घरी बसवलेली, बाहेरून दोघी सारख्याच दिसतात.

शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळी रुपया ही रक्कम होती. आज तो रुपया मागायला आपल्या दारी कुणी येणार नाही, त्याचा हिशेब घरानंच ठेवायचा आहे. म्हणून मुलाला, विशेषतः मुलीला, घरी शिकवायचं ठरवत असाल तर तीन गोष्टी आधी नक्की करा. परीक्षेचा फॉर्म कोणत्या वर्षी भरायचा, दिवसा मोबाइल कुणाच्या हातात राहणार, आणि संध्याकाळी तिचं ऐकून घ्यायला घरातलं कोण बसणार.